दुसरं बाळ येताना मोठीला कोणती चित्रपुस्तकं वाचून दाखवावीत?

तुमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, बाळंतपणाला दोन महिने राहिलेत, आणि घरी येणारा प्रत्येक जण तिला "आता तू ताई होणार हं!" म्हणतो. ती उत्तर देत नाही, तुमच्या ओढणीत तोंड खुपसते. तुम्ही विचारलंय की कोणती चित्रपुस्तकं आणावीत, ती आत्ता वाचावीत की बाळ आल्यावर, आणि पुस्तकातली बाळाला वाट्टेल ते बोलणारी बहीण बघून आपली मुलगी तेच उचलणार नाही ना.

मी बरीच वर्षं लहान मुलांचं वाचनालय चालवते. सातव्या-आठव्या महिन्यातल्या आया मोठ्या मुलाचा हात धरून येतात आणि हेच विचारतात. त्यांना मी सगळ्यात आधी एवढंच सांगते, की बाळावर प्रेम करायला शिकवण्यासाठी पुस्तक आणू नका. प्रेमाचं काय ते बाळ स्वतःच बघून घेतं. त्याला वेळ लागतो. ते हसायला लागतं, मोठीला बघून हातपाय झाडायला लागतं, तेव्हा ते आपसूक सुरू होतं. पुस्तक आणायचं ते मोठीच्या रागासाठी, भीतीसाठी. साडेतीन वर्षांच्या मुलीला "आई, मला वाटतंय तू माझी राहणार नाहीस" असं म्हणता येत नाही. ती दूध सांडते, चड्डीत शू करते, बाटलीने दूध मागते. तिच्याच वयाचं कुणीतरी चित्रात तसं करताना दिसलं, आणि ते वाचताना आईचा आवाज चढला नाही, तर निम्मं काम झालं.

म्हणून मुखपृष्ठावर पाळणा आणि बाळ आहे एवढ्यावर पुस्तक निवडू नका. आपल्या मुलीचं नेमकं काय जाणार आहे ते आधी बघा. कुणाची रात्रीची आईच्या कुशीतली जागा जाते. कुणाला आईने भरवल्याशिवाय घास उतरत नाही आणि तो हात आता मोकळा नसतो. कुणाची आई दुसऱ्या बाळंतपणालाही माहेरी जाते आणि मूल आपलं अंथरूण, आपले बाबा, आपली बालवाडी सोडून आजोळी जातं. त्याचं तर सगळंच एकदम जातं. तुम्ही लिहिलंय की तुमची आईच तुमच्याकडे येणार आहे आणि मुलगी तिच्यापाशी झोपेल. म्हणजे तुमच्या घरातला खरा प्रश्न रात्रीच्या जागेचा आहे. पुस्तकही त्याच्या जवळचं हवं.

या विषयावरची चांगली पुस्तकं इंग्रजीत पुष्कळ आहेत आणि त्यातली काही खरोखर थोर आहेत. ती इंग्रजी वाचून दाखवू नका. चित्र दाखवा आणि गोष्ट आपल्या मराठीत सांगा. साडेतीन वर्षांच्या मुलाला चित्र वाचता येतं आणि आईचा आवाज कळतो, तेवढं पुरतं.

पहिलं नाव घेईन ते एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'पीटर्स चेअर'चं. १९६७ सालचं पुस्तक. पीटर ठोकळ्यांचा मनोरा रचतो, तो धाडकन पडतो, आणि आई सांगते, हळू, घरात बाळ आहे. मग त्याला दिसतं की त्याचा पाळणा गुलाबी रंगवलाय, त्याची जेवायची उंच खुर्चीही गुलाबी होतेय. एक छोटी निळी खुर्ची तेवढी रंगवायची राहिलीय. ती उचलून, कुत्र्याला घेऊन पीटर घर सोडून जातो. जातो कुठे, तर घराच्या बाहेर, दाराजवळच. सोबत स्वतःचा बाळपणीचा फोटो नेतो. दमून खुर्चीत बसायला जातो तर मावतच नाही. तो मोठा झालाय. पुढे तो स्वतःहून बाबांना म्हणतो, ही खुर्ची सुझीसाठी रंगवू या.

यात "शहाण्या मुलाने वस्तू द्याव्यात" असं कुणी त्याला सांगत नाही. मोठा झाल्याचं त्याला स्वतःच्या शरीरावरून कळतं. आपल्याकडे दिवसातून दहा वेळा "तू आता मोठी ना?" म्हणतात, आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ दर वेळी काहीतरी काढून घेतलं जातं. मुलांना ते बरोबर समजतं. तुमच्या घरात मुलीचे जुने झबले, दुपटी, पाळण्यावरची खेळणी काढायची असतील, तर ती तिच्या पाठीमागे काढू नका. हे पुस्तक एक-दोनदा वाचून झालं की तिच्यासमोर पेटी उघडा. झबलं तिच्या अंगाला लावून बघू द्या. तिला एखादी वस्तू द्यायची नसेल तर ती तिचीच राहू द्या. निळी खुर्ची देणारा पीटर आधी ती घेऊन पळाला होता.

रात्रीच्या जागेसाठी मला 'ऑन मदर्स लॅप' सगळ्यात जवळचं वाटतं. ॲन हर्बर्ट स्कॉट यांचं, चित्रं ग्लो कोलसन यांची, १९७२. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या इन्युइट घरातला मायकल आईच्या मांडीवर बसलाय. मग त्याला बाहुली हवी, खेळण्यातली होडी हवी, कुत्र्याचं पिल्लू हवं, रेनडिअरच्या कातड्याचं पांघरूण हवं. सगळं मांडीवर मावतं. आतून बाळ रडतं तेव्हा मात्र तो म्हणतो, आता जागा नाही. आई "बघू या" म्हणते, आणि मावतं. गोष्ट एवढीच. हे पुस्तक वाचायचं म्हणजे करून बघायचं. आठव्या महिन्यात तुमच्या मांडीवर फारशी जागा नसेल, पण पलंगावर भिंतीला टेकून बसा, एकेक वस्तू आणवा, पांघरूण घ्या. मुलांना हा खेळ रोज हवा असतो. बाळ आल्यावर त्याच खेळात शेवटी बाळाला घ्यायचं. ती "नको" म्हणाली तर त्या दिवशी नाही घ्यायचं.

तिसरं पुस्तक बाबांनी आणि आजीने वाचण्यासारखं. रसेल होबन यांचं 'अ बेबी सिस्टर फॉर फ्रान्सिस', १९६४, चित्रं लिलियन होबन यांची. फ्रान्सिस ही बिज्जूची मुलगी. बाळ आल्यापासून तिचा हवा तो फ्रॉक इस्त्री केलेला नसतो, खिमटीत घालायला बेदाणे संपलेले असतात. म्हणून रात्री जेवणानंतर ती घर सोडते आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन राहते. आईबाबा तिला ओढून काढत नाहीत. ते बाहेरच्या खोलीत बसून, तिला ऐकू जाईल अशा बेताने, तिच्याविना घर कसं सुनं वाटतंय ते बोलत राहतात. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतो ते टोमण्यासाठी. इथे तीच युक्ती मायेने वापरलीय, आणि मी कितीतरी घरांना ती वापरायला सांगितलीय. मुलगी रुसून पलंगाखाली गेली की बाबांनी आजीला मोठ्याने सांगायचं, "आज ताटं मांडताना पाणी कोण ठेवणार, काही कळेना बुवा." समोर बसवून, डोळ्यांत बघून "आमचं तुझ्यावर खूप प्रेम आहे" असं सांगितल्यावर मूल जेवढं ऐकतं, त्यापेक्षा हे जास्त ऐकतं.

पाहुण्यांचा त्रास आपल्याकडे मोठा. बाळंतिणीला बघायला येणारे बाळासाठी झबलं, चांदीचा वाळा, खुळखुळा आणतात आणि मोठीला विचारतात, "बाळ आम्ही घेऊन जाऊ का?" किंवा त्याहून वाईट, "तुला तर बोहारणीकडून घेतलं होतं." लाडाने म्हणतात, पण त्या आठवड्यात हे वाक्य मुलाच्या काळजात रुततं. घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की ही थट्टा या घरात नको. आणि जमलं तर एलॉइज ग्रीनफिल्ड यांचं 'शी कम ब्रिंगिंग मी दॅट लिट्ल बेबी गर्ल' मिळवा. १९७४ सालचं, चित्रं जॉन स्टेप्टो यांची, एका कृष्णवर्णीय अमेरिकी कुटुंबातलं. केव्हिनला भाऊ हवा होता, आली बहीण. घर नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी भरून जातं, सगळे बाळाभोवती. शेवटी त्याला कळतं, की आपली आई पण अशीच छोटी मुलगी होती आणि तिला मामा सांभाळायचा.  मराठी घरात हे किती थेट पोचतं! मुलीचा मामा जवळपास असेल तर त्याला हेच काम द्या. आईच्या लहानपणच्या खोड्या मामाने सांगाव्यात, आजीने दुजोरा द्यावा. आपली आईसुद्धा कधीतरी कुणाचीतरी धाकटी होती, ही बातमी मुलांना फार आवडते.

याच पुस्तकाच्या निमित्ताने आणखी एक विनंती. "तुला भाऊ हवा की बहीण?" हा प्रश्न मुलीला विचारू देऊ नका. लहान मुलाच्या तोंडून निघतं ते खरं होतं, असं मानून काही घरांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. तिने एक उत्तर दिलं आणि दुसरं झालं, तर मोठ्यांचे पडलेले चेहरे तिला दिसतात, आणि आपल्यामुळे काहीतरी बिघडलं असं ती मनात धरते.

आता मराठीबद्दल. बाळाच्या आगमनावरच, त्यातल्या हेव्यादाव्यावरच लिहिलेली मराठी चित्रपुस्तकं माझ्या कपाटात अगदी थोडी आहेत. पण या विषयावरची आपली सगळ्यात जुनी गोष्ट तुमच्या मुलीला बहुधा पाठ असेल, आणि ती या विषयाची आहे हे आपल्या लक्षातच येत नाही. चिऊताई आणि काऊची गोष्ट. पाऊस पडतोय, काऊचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो चिऊच्या मेणाच्या घराचं दार वाजवतोय. "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आतून उत्तर येतं, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते." पुन्हा दार. "थांब, माझ्या बाळाला पुसते." मग काजळ, मग तीट, मग झोपवणं. बाहेर तो भिजतोय.

आपण ही गोष्ट ऐकतो तेव्हा चिऊच्या घरात बसून ऐकतो. मोठं होऊ घातलेलं मूल ती दाराबाहेरून ऐकतं. आई न्हाणीघरात बाळाला घेऊन आहे, दार लोटलेलं आहे, आजी म्हणतेय "थांब, आईला बाळाचं आवरू दे": हे सगळं त्या गोष्टीत जसंच्या तसं आहे. घरात बाळ आल्यानंतर ही गोष्ट ऐकताना काही मुलं अचानक "आता उघड ना!" म्हणून चिडतात, ते त्यामुळेच. त्या चिडण्याला घाबरून गोष्ट बंद करू नका. थांबणं गोष्टीत राहू द्या, कारण घरातही ते राहणारच आहे. शेवट मात्र जपून सांगा. काही घरांत काऊला आत घेऊन तापलेल्या तव्यावर बसवतात आणि तो भाजतो. या दिवसांत तो शेवट नको. दार उघडावं, काऊला टॉवेल मिळावा, गरम भात मिळावा, आणि काऊने "मी किती वेळ थांबलो!" असं तोंडावर सांगावं. चिऊनेही "हो रे, फार वेळ थांबलास" म्हणावं. "पण बाळ लहान आहे ना" हे पुढचं वाक्य गाळा.

याचं पुस्तक घरी करा. कार्डशीटचे सहा कागद मध्ये दुमडून दोऱ्याने शिवा. पहिल्या पानावर घर काढा आणि दाराच्या तीन बाजू कापून ते उघडता-मिटता येईल असं करा. दार उघडल्यावर दिसणाऱ्या त्यामागच्या उजव्या पानावर चिऊ आणि बाळ. पुढे असंच, एका उजव्या पानावर तेच दार आणि त्यामागच्या उजव्या पानावर वेगळं काम. शेवटच्या दारात काऊ आत येतो. चित्र यायलाच हवं असं नाही, काळा ठिपका आणि चोच म्हणजे काऊ. हे पुस्तक मुलीच्या हातात दिलं की दार ती उघडते, ती मिटते, कितीही वेळा. तिला खऱ्या दारावर जो ताबा नाही तो इथे मिळतो. वाचनालयात आम्ही हे अनेक मुलांबरोबर केलंय. काही मुलं तीट लावायच्या पानावर काऊला आधीच आत घेऊन टाकतात. घेऊ द्या.

घरातल्या माणसांची ओळख करून देणारं मराठी पुस्तक हवं असेल तर माधुरी पुरंदरे यांचा, ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेला 'राधाचं घर' हा संच घ्या. छोटी राधा आपली आई, बाबा, आजी, आजोबा, काका यांच्याबद्दल सांगते. कुठेही शिकवणी नाही, माणसं खरी आहेत. तो वाचून झाला की तुमच्या मुलीला तिच्या घराचा असाच संच करायला लावा. ती सांगेल, तुम्ही लिहा. बाळाचं पुस्तक कधी करायचं ते ती ठरवेल. बाळ आल्यावर महिनाभर केलं नाही तरी चालेल. केलं आणि त्यात "बाळ खूप रडतं, मला आवडत नाही" असं सांगितलं, तर तेच वाक्य लिहायचं. पुसायचं नाही, त्याला "पण" जोडायचा नाही. शिवाय प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, छापता येतात, आणि परवाना मुक्त असल्यामुळे तिथली चित्रं घेऊन आपली गोष्टही रचता येते. २०१५ पासून ते सुरू आहे. चित्र काढायची भीती वाटणाऱ्या आईबाबांसाठी सोपा मार्ग.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकेत लॉरी क्रेमर या संशोधिकेने भावंडांच्या नात्यावर दीर्घकाळ काम केलंय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भावंडं दाखवणारी २६१ बालपुस्तकं तपासली, तेव्हा मायेने वागण्याचे प्रसंग आणि टाकून बोलण्याचे, धमकावण्याचे, वगळण्याचे प्रसंग साधारण सारख्याच प्रमाणात निघाले. दुसऱ्या एका प्रयोगात काही मुलांना भावंडांशी कसं वागावं याचा प्रत्यक्ष सराव दिला, आणि तुलनेसाठीच्या गटाला फक्त भावंडांवरची पुस्तकं आणि चित्रफिती दिल्या. सराव मिळालेल्या मुलांचं जमू लागलं. नुसत्या पुस्तकांच्या गटातलं वागणं सुधारायच्या ऐवजी बिघडलं. गोष्टीच्या शेवटी भावंडांची दिलजमाई होते खरी, पण मुलं मधली पानं उचलतात. चिडवायचे नवे प्रकार त्यांना आयतेच मिळतात.

यावरून पुस्तकं नकोतच असं मी म्हणत नाही. पुस्तक देऊन बाजूला होऊ नका, एवढं नक्की म्हणेन. आणि कोणतं पुस्तक कधी, हेही बघावं लागतं. उदाहरण घ्या केव्हिन हेंक्स यांच्या १९९० सालच्या 'ज्युलियस, द बेबी ऑफ द वर्ल्ड'चं. लिली ही उंदराची मुलगी. बाळ पोटात असताना ती त्याला गाणी म्हणते, गुपितं सांगते. बाळ जन्मल्यावर सगळं उलटं: ती त्याला घाबरवते, त्याचा अपमान करते, मुळाक्षरं आणि आकडे मुद्दाम चुकीचे शिकवते, आणि पुन्हा पुन्हा शिक्षेच्या खुर्चीत बसते. आईबाबा मात्र तिचे लाड कमी करत नाहीत. शेवटी घरच्या समारंभात मामेबहीण की चुलतबहीण, जी कुणी असेल ती, बाळाला नावं ठेवते, आणि लिली तिच्यावर तुटून पडते: माझ्या भावाला बोलायचं नाही! मुलांच्या स्वभावाची इतकी खरी जाण असलेली पुस्तकं थोडी असतात. पण ते मी तुमच्या मुलीला आत्ता देणार नाही. तिच्या मनात अजून बाळाबद्दल धूसर काहीतरी आहे, त्याला लिलीचे शब्द आयते कशाला पुरवायचे? बाळ आल्यावर, ती खरोखर बाळाला चिमटे काढू लागली, "परत देऊन टाका" म्हणू लागली, तर तेव्हा काढा. त्या मुलाला लिली भेटली की "असं वाटणारी मी एकटी नाही" हा मोठा दिलासा मिळतो. रागावलेल्या मुलासाठी हे औषध आहे, शांत मुलाला उगाच पाजू नये.

मॉरिस सेंडॅक यांचं १९८१ चं 'आउटसाइड ओव्हर देअर' कुणी सुचवेल. त्यात ताईचं लक्ष नसताना पिशाच्चं बाळ पळवतात आणि पाळण्यात बर्फाचं बाळ ठेवतात. चित्रं विलक्षण सुंदर आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत थांबा.

आता वाचायचं कसं. आत्ताच्या दोन महिन्यांत बाळाची पुस्तकं दोनच ठेवा, आणि तीही हत्ती, आगगाडी, पाऊस यांच्या पुस्तकांत मिसळून. बाळाच्या पुस्तकांचा ढीग आणला की मुलं ओळखतात, हे औषध आहे. ती पान उलटून टाकत असेल, दुसरं पुस्तक ओढत असेल, तर तिला आज नकोय. उद्या बघू. गोष्ट संपल्यावर "तू पण असंच करतेस ना? मग आता काय शिकलीस?" हे विचारायचं नाही. या एका प्रश्नाने चांगल्यातल्या चांगल्या पुस्तकाची माती होते. ती आपणहून "मी पीटरसारखी पळून जाणार" म्हणाली तर "काय काय घेऊन जाशील?" विचारा. यादी मन लावून ऐका. त्या यादीत तिची भीती कुठे आहे ते सापडतं.

चित्र बघताना एक गोष्ट जरूर करा: पुस्तकातल्या बाळाच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज. "का रडत असेल गं? भूक लागली असेल, की पोटात दुखत असेल?" ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी इंग्लंडमधल्या केंब्रिज भागात ४० कुटुंबांचा धाकट्याच्या जन्माच्या आधीपासून अभ्यास केला, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. ज्या आया पहिल्या मुलाशी नव्या बाळाबद्दल माणूस म्हणून बोलत, त्याला काय हवं असेल, काय वाटत असेल याची चर्चा करत, त्या घरांत भावंडं पुढे एकमेकांशी जास्त मायेने वागताना दिसली. याला पैसे लागत नाहीत. कोणत्याही पुस्तकातल्या कोणत्याही पिल्लावर हा खेळ होतो. बाळ आल्यावर तो खऱ्या बाळावर चालू ठेवा आणि मोठीचा अंदाज बरोबर निघाला तर तसं सांगा: "तू म्हणालीस तसंच, त्याला गरम होत होतं."

बाळाला पाजायची वेळ ही भांडणाची वेळ असते. तुम्ही अडकलेल्या, हात गुंतलेला, आणि मोठीला नेमकं तेव्हाच सगळं हवं. तुम्ही पाजायला जिथे बसाल तिथे हाताला लागेल अशी एक टोपली ठेवा. तिच्यात मोठ्या आकाराची, सपाट उघडी राहणारी, कमी मजकुराची पुस्तकं हवीत. पुस्तक तुमच्या पायावर, पान उलटायचं काम मोठीचं. तुम्हाला एकच हात मोकळा आहे, म्हणून तुम्हाला तिची खरोखर गरज आहे. हे खोटं कौतुक नाही आणि तिला ते कळतं. दिवसातून निदान एकदा ही टोपली उघडायची. त्या टोपलीत बाळाचं पुस्तक एकही नको. तिथे तिच्या आवडीचीच.

रात्रीचं पुस्तक आजीकडे जाणार असेल तर ते बाळ यायच्या आधी महिनाभर तरी जाऊ द्या. बाळ आलं त्या रात्री आईचं पुस्तक आजीकडे गेलं, तर ते बाळाने नेलं असा अर्थ निघतो.

काय टाळावं ते थोडक्यात. ज्या पुस्तकात बाळ पहिल्याच दिवशी खेळगडी म्हणून येतं ते नको. खरं बाळ नुसतं झोपतं आणि रडतं, आणि मुलाला फसवल्यासारखं वाटतं. ज्यात ताई पहिल्या पानापासून दुपटी घडी करते, कधीच रागावत नाही, तेही नको. आणि ज्यात शेवटच्या पानावर बाळ एकदा हसतं आणि सगळा राग विरघळतो, ते आणलंच तर शेवटी "दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा राग आला" एवढं आपलं एक वाक्य जोडा.

बाळ बसायला, रांगायला लागलं की दुसरा अंक सुरू होतो. तोवर बाळ नुसतं आईला घेत होतं, आता ते वस्तू घ्यायला लागतं. या काळासाठी पुस्तकंही वेगळी. शर्ली ह्यूज यांच्या १९७७ च्या 'डॉगर'मध्ये छोट्या डेव्हचा जुना कापडी कुत्रा हरवतो आणि जत्रेत तो दुसऱ्याच मुलीने विकत घेतलेला असतो. डेव्हची मोठी बहीण बेला आपल्याला बक्षीस मिळालेलं भलंमोठं अस्वल देऊन तो परत आणते. तिला तसं करायला कुणी सांगत नाही. आणि पॅट हचिन्स यांचं 'टिच', १९७१, धाकट्याच्या बाजूचं: थोरल्या दोघांकडे सगळं मोठं, त्याच्याकडे सगळं चिमुकलं, आणि शेवटी त्याच्याकडचं इवलं बी सगळ्यांहून उंच वाढतं. मोठ्या मुलांना हे आवर्जून वाचून दाखवा, धाकटं असणंही सोपं नसतं हे त्यात आपोआप येतं.

आणि याच सुमारास बाळ ताईचं पुस्तक फाडणार. त्याची तयारी आत्ताच करा. तिची पुस्तकं तिच्या डोक्याच्या उंचीच्या फळीवर, जिथे रांगणारं पोहोचत नाही. बाळाची जाड पुठ्ठ्याची आणि कापडी पुस्तकं खाली. फळीवर तिचं नाव तिच्याच अक्षरात, वेडंवाकडं चालेल. पान फाटलंच तर "लहान आहे ते, जाऊ दे" म्हणू नका. पारदर्शक चिकटपट्टी आणि बोथट कात्री काढा, बाळाला आजीकडे द्या, आणि तिच्याबरोबर बसून ते पान नीट चिकटवा. पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचं ते मग ती सांगेल.